चढणीला दम हवा, आवाज नको

प्रश्न: नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं डेन्व्हरला आहे. माझ्याकडे २०१८ ची हार्ले-डेव्हिडसन रोड ग्लाइड आहे, १०७ घनइंच इंजिनाची. ३१,००० मैल झालेत. आधीच्या मालकाने एअर क्लीनर बदलून ट्यूनिंग करून घेतलं होतं, सायलेन्सर मूळचेच आहेत. उन्हाळ्यात जवळपास दर शनिवारी मी आणि बायको दोन्ही पेट्या भरून डोंगरात जातो. आय-७० हायवेवरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना सहाव्या गिअरमध्ये गाडी मरगळते, ॲक्सिलरेटर पिळला तरी नुसती घुरघुरते. ग्रुपमधले म्हणतात, मोठा कॅम टाक. एकाने ५५० लिफ्टचा टाकलाय, त्याची गाडी सिग्नलला उभी असताना भारी वाजते. पण माझ्या बायकोचं डोकं आत्ताच दुखतं, आवाज याहून वाढला तर ती यायची नाही. शिवाय आम्ही टाउनहाउसमध्ये राहतो, भिंतीला भिंत, आणि पहाटे पाचला गाडी बाहेर काढावी लागते. शांत चालेल आणि खालच्या आरपीएमला ओढेल असा कॅम कोणता घ्यावा?
– घाटातला सांगलीकर, डेन्व्हर

उत्तर:

सांगलीकर, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) कुठला घ्यायचा याचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पहाटे पाचला गाडी काढायची आणि मागे वहिनी बसणार. ग्रुपमधल्या तुमच्या मित्राच्या मागच्या सीटवर बहुतेक कुणी बसत नसावं, त्यामुळे त्याचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर आहे.

मीही तुमच्या शेजारचाच, कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं, त्या घरघरीतच मोठा झालो. आता वीस वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. तुमच्या गाडीचं इंजिन जिथे तयार होतं तो मेनोमनी फॉल्सचा कारखाना माझ्या घरापासून पाऊण तासावर. त्यामुळे हार्लेच्या कॅमवरून घातलेले वाद मी इतके ऐकलेत की आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतात.

आधी हवेचा हिशेब करू, कारण पार्ट विकणारा तो करून देत नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी विरळ. बोगद्याचं तोंड ११,००० फुटांच्या वर, तिथे ही तूट २८ टक्क्यांच्या आसपास जाते. १०७ इंजिनाला ३,२५० आरपीएमला १११ फूट-पाउंड टॉर्क (फिरवण्याचा जोर) असल्याचं कंपनी सांगते, तो समुद्रसपाटीचा. बोगद्यापाशी ढोबळ हिशेबाने त्यातला ८० उरतो. आणि ओढायचं काय, तर ३९० किलोंच्या घरातली गाडी, दोन माणसं आणि भरलेल्या पेट्या. गाडी मरगळते यात तिचा दोष थोडाच आहे.

कॅम हवा तयार करत नाही. आलेली हवा कधी आत घ्यायची, कधी कोंडायची आणि कधी सोडायची, एवढंच तो ठरवतो. विरळ हवेने खाल्लेली सगळी ताकद परत हवी असेल तर टर्बो किंवा सुपरचार्जर लागतो, आणि तो रस्ता तुमचा नाही. चांगला कॅम बसवल्यावरही बोगद्यापाशी गाडी पठारावरच्यासारखी पळणार नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. नाहीतर दीड ते अडीच हजार डॉलर खर्चून पहिल्याच चढाला हिरमोड व्हायचा.

आता फुकटातला उपाय. ताशी ६० मैलांना सहाव्या गिअरमध्ये तुमचं इंजिन २,३०० च्या आसपास फिरतं. त्याच वेगाला पाचव्यात टाकलंत तर २,७०० च्या वर जातं, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्या बरंच जवळ. हा सहावा गिअर मुळात सपाट हायवेसाठीच दिलेला आहे. आपल्या लोकांच्या मनात गिअर खाली टाकणं म्हणजे गाडीची बेइज्जती असं काहीतरी बसलेलं असतं, विशेषतः ज्यांनी कॉलेजात बुलेट चालवली त्यांच्या. पुढच्या शनिवारी जॉर्जटाउनच्या पुढे लागणारा तो चढ पाचव्यात चढून बघा. तेवढ्याने समाधान झालं तर हे पत्र इथेच मिटवून ठेवा, मला वाईट वाटणार नाही.

समाधान नाही झालं असं धरून पुढे जातो.

तुमच्या गाडीतलं मिल्वॉकी-एट हे इंजिन कंपनीने २०१७ च्या मॉडेलपासून टुरिंग गाड्यांना दिलं. प्रत्येक सिलेंडरला चार व्हॉल्व्ह, दोन सिलेंडरचे मिळून आठ, म्हणून नावात एट. त्याच्या आधीच्या ट्विन कॅममध्ये दोन कॅमशाफ्ट होत्या, हिच्यात एकच आहे आणि ती चेनवर फिरते. तिच्यावर चार लोब (उंचवटे) असतात, आणि प्रत्येक लोब एका लिफ्टरमार्फत एक पुशरॉड ढकलून एकाच वेळी दोन व्हॉल्व्ह उघडतो. लिफ्टर हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरून काढतात, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनिकसारखं दर सर्व्हिसला टॅपेट सेट करावं लागत नाही. आवाजाच्या बाबतीत हे नीट लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

कॅमच्या कागदावर दहा आकडे छापलेले असतात. तुमच्यासाठी त्यातला एकच सर्वांत महत्त्वाचा, इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो तो. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. का, ते एसटीच्या दाराने सांगतो. दिवाळीच्या गर्दीत स्टँडवर गाडी लागली की मागून असा रेटा येतो की कंडक्टरने घंटी दिल्यावरही दोन-चार माणसं आत शिरतात. त्या वेळी दार थोडं उशिरा लावलं तर गाडी जास्त भरते. पण एरवी, दुपारच्या सुस्त वेळेला, दार उघडंच ठेवून गाडी रेंगाळली तर चढलेली माणसंही पान खायला खाली उतरतात. इंजिनाचं तसंच. ५,००० आरपीएमला हवेला रेटा असतो, व्हॉल्व्ह उशिरा बंद होणं तिथे फायद्याचं. २,३०० ला रेटा नसतो, वर येणारा पिस्टन आत आलेली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून मागे ढकलतो. तुमच्याकडे हवा आधीच विरळ, त्यातली ही अशी परत जाते.

म्हणून तुम्हाला दार लवकर लावणारा कंडक्टर हवा. हार्लेच्या जगात व्हॉल्व्हची वेळ टॅपेट ०.०५३ इंच उचललेला असताना मोजायची पद्धत आहे. त्या मापाने इनटेक बंद होण्याचा आकडा (क्रँकच्या अंशांत) तळानंतर तिशीच्या आत असेल तर तो कॅम ओढणारा समजा, आणि आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की कॅम वरच्या आरपीएमसाठी बनवलेला. माणसांसारखंच आहे म्हणा, चाळिशी आली की चढणीला दम लागतो. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवताना दोन्ही आकडे याच मापाने मोजलेले आहेत ना, ते आधी बघा. नाहीतर आंब्याची तुलना फणसाशी होते.

तुमच्या प्रश्नातली मला आवडलेली गोष्ट अशी की शांतता आणि खालची ओढ या दोन वेगळ्या मागण्या वाटतात, पण बऱ्याच अंशी त्या एकाच कॅममध्ये सापडतात. सायलेन्सरमधून येणारा धडाका कशाने वाढतो? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडला की सिलेंडरमध्ये दाब अजून जोरात असतो आणि तो पाइपात फुटतो. मोठ्या ड्युरेशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारे कॅम हेच करतात, कारण वरच्या आरपीएमला जळालेला धूर बाहेर काढायला वेळ कमी पडतो. टॉर्कसाठी घडवलेला कॅम एक्झॉस्ट उशिरा उघडतो. पिस्टनवरचा दाब आणखी थोडा वेळ कामाला लावतो, ओढ मिळते, आणि पाइपात जाणारा धूर तितका भडकलेला नसतो. दुसरं म्हणजे ओव्हरलॅप. एक्झॉस्ट बंद होण्याआधीच इनटेक उघडलेला असतो, तो मधला काळ. मित्राची गाडी सिग्नलला अडखळत, लंगडत वाजते ना, त्यात या ओव्हरलॅपचा मोठा हात आहे. ऐकायला झकास, पण कमी आरपीएमला ताजं मिश्रण आणि जळालेला धूर एकमेकांत मिसळतात, गाडी आचके देते आणि टाउनहाउसच्या गॅरेजात पेट्रोलचा वास राहतो. हार्लेची ती जगप्रसिद्ध डुगडुग मुळात कॅमची नाहीच. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, सिलेंडर ४५ अंशांत, त्यामुळे स्फोट ३१५ आणि ४०५ अंशांच्या विषम अंतराने होतात. ती डुगडुग मूळ कॅमवरही असते आणि तेवढी शेजाऱ्यांना पुरेशी आहे.

आता इथे एक मेख आहे. दुकानदार ज्यावर टॉर्क कॅम असं लिहून विकतात ते सगळे शांत नसतात. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो, ड्युरेशन म्हणजे किती वेळ उघडा राहतो. काही कॅममध्ये ड्युरेशन छोटं ठेवून लिफ्ट खूप वाढवलेली असते. कमी वेळात जास्त उंची गाठायची म्हणजे लोबची चढण उभी करावी लागते. आंबेनळीच्या घाटासारखी वळणं घेत न जाता सरळ कड्यावर चढायचं. लिफ्टर त्या कड्यावर फेकला जातो, व्हॉल्व्ह परत बसताना सीटवर आपटतो, आणि हेडमधून टिकटिक ऐकू येते. स्प्रिंगही मग कडक लागतात, की परत सगळ्या पार्टवर ताण. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर असे कॅम फार सुंदर दिसतात, कारण कागदाला आवाज नसतो. तुम्हाला लिफ्ट मध्यम हवी आणि चढण सौम्य हवी.

कॅमच्या नावातला आकडा बहुधा लिफ्टचाच असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. ४४७ म्हणजे ०.४४७ इंच, सव्वाअकरा मिलिमीटरच्या थोडं वर. ५५० म्हणजे जवळजवळ १४ मिलिमीटर. तुमच्यासाठी मी पहिला बघेन तो हार्लेच्याच स्क्रीमिन ईगल विभागाचा एसई८-४४७. त्यांच्या स्टेज टू टॉर्क किटमध्ये हाच येतो, आणि स्टेज टू पॉवर किटमध्ये येतो तो ४६२. नावातच टॉर्क आणि पॉवर वेगळे केलेत, तेव्हा पॉवरच्या मोहात पडू नका. दुसरा बघण्यासारखा एस अँड एसचा ४७५. तो मधल्या आरपीएमला जास्त जोमदार आहे, एकट्याने फिरणाऱ्याला मी कदाचित तोच सुचवला असता. ५५० वाईट नाही, पण त्याला खुला पाइप आणि वरचे आरपीएम आवडतात, आणि तुमच्याकडे यातलं काहीच नाही. चौथं-पाचवं नाव मुद्दाम देत नाही. दोन कागद समोर ठेवून इनटेकचा तो एक आकडा तपासलात की तुम्हीच मला नावं सांगाल.

आणि हो, कोणी गिअर ड्राइव्ह सुचवला तर हसून विषय बदला. चेनऐवजी गिअरवर कॅम फिरवतात, अचूक असतो, पण सूं असा बारीक सूर काढतो, आणि क्रँकशाफ्टचा रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) अगदी कमी असावा लागतो. शांत गाडी हवी तर चेनच.

आता माझी फजिती. माझ्या आधीच्या गाडीला मी असाच एक सौम्य कॅम निवडून घेतला होता. कागदावर सगळं जुळलेलं. इथल्या एका दुकानात बसवून आणला आणि दारात गाडी उभी केली, तर बायको बाहेर येऊन म्हणाली, "शिवणाचं मशीन कधी घेतलंत?" महिनाभर कॅमला शिव्या घातल्या. खोलून बघितलं तेव्हा कळलं, कॅमचा काही दोष नव्हता. जास्त लिफ्टच्या कॅमला जागा मिळावी म्हणून लोबची मूळ गोलाई, ज्याला बेस सर्कल म्हणतात, ती लहान केलेली असू शकते. गोलाई लहान झाली की मूळ मापाचा पुशरॉड तेवढा तोकडा पडतो. लिफ्टर ती फट तेलाने भरून काढायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. माझ्या गाडीत ॲडजस्टेबल पुशरॉड होते, तरी घाईत सेट केलेले. एका लोबचं सेट केल्यावर लिफ्टरमधलं तेल उतरून तो खाली बसेपर्यंत थांबावं लागतं, थंड गाडीला कधी दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. दुकानदाराने हाताखालचा पोरगा लावला असणार, आणि पोराला जेवायला जायचं असणार. पुशरॉड पुन्हा नीट सेट केल्यावर शिवणाचं मशीन बंद पडलं.

त्यामुळे तुमच्या मेकॅनिकला कॅम दाखवायच्या आधी हे विचारा की नव्या कॅमचा बेस सर्कल मूळ कॅमइतकाच आहे का. असेल तर रॉकर बॉक्स (सिलेंडरच्या डोक्यावरचं झाकण) उघडून मूळचे पुशरॉड तसेच वापरता येतात, आणि माझ्या मते शांततेसाठी तोच उत्तम मार्ग. वेळ आणि मजुरी जास्त लागते. बरीच दुकानं मजुरी वाचवायला मूळ पुशरॉड कटरने तोडून काढतात आणि ॲडजस्टेबल बसवतात. त्यातही चूक नाही, फक्त बसवणारा हात सावकाश हवा.

इंजिनाचं कॅमवरचं कव्हर ३१,००० मैलांनी एकदा उघडतंय, तेव्हा आत शिरलेल्या पाहुण्याने सगळ्यांची चौकशी करावी. लिफ्टर चारही नवे टाका, जुन्या लिफ्टरवर नवा कॅम चढवणं म्हणजे नव्या सुनेला जुन्या भांडणात उतरवणं. कॅमचं आतलं निडल बेअरिंग बदला, ते स्वस्तातलं काम आहे आणि गेलं तर अख्खं इंजिन घेऊन जातं. कॅम चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि त्याचा घासणारा भाग बघून घ्या. ऑइल पंप कॅम प्लेटच्या मागेच असतो. तुमच्या सालानंतर कंपनीने या पंपाची रचना सुधारली, तेव्हा तुमच्या गाडीत कुठला आहे आणि बदलायचा का, हे कव्हर उघडं असतानाच ठरवा, पुन्हा उघडायचे पैसे वाचतील. क्रँकशाफ्टचा रनआउट डायल गेज लावून मोजायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. गेज नाही म्हणणारं दुकान असेल तर दुकान बदला.

कॅम बसला की ट्यूनिंग हवंच. आधीच्या मालकाने केलेला मॅप (इंधन आणि स्पार्कचं कोष्टक) जुन्या कॅमसाठी होता, नव्या कॅमला तो लागू नाही. इनटेक लवकर बंद होतो म्हणजे सिलेंडरमध्ये जास्त मिश्रण कोंडलं जातं आणि दाब वाढतो. ओढ तिथूनच येते आणि नॉकिंगही (मिश्रण आपोआप फुटून होणारी ठकठक) तिथूनच. कोलोरॅडोच्या पंपांवर रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं, उंचीवर चालतं या समजुतीने लोक तेच भरतात. हार्ले ९१ मागते, तेच भरा. हा अमेरिकी मोजमापाचा ९१ आहे, भारतातल्या पंपावरच्या पद्धतीने साधारण ९५. ८५ भरून डोंगरातून खाली उतरलात, युटातल्या मोआबच्या उन्हात चढ लागला, की दोन्ही सिलेंडरचे नॉक सेन्सर स्पार्क मागे खेचतात, गाडीची ओढ पडते, आणि तुम्ही मला पत्र लिहाल की कॅम फसवा निघाला.

डायनोवर नेलीत तर छापून मिळालेल्या आलेखावरच्या शिखराकडे बघूही नका. २,००० ते ३,२०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कची रेघ आधीच्या रेघेच्या किती वर आहे, तेवढंच बघा, तुमचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यात जाणार आहे. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५,२५२, एवढंच गणित आहे, त्यामुळे मोठा हॉर्सपॉवरचा आकडा नेहमी वरच्या आरपीएमला दिसतो. दुसरी गंमत, डेन्व्हरच्या डायनोचा आकडा समुद्रसपाटीवर असता तर किती आला असता, अशी दुरुस्ती करून छापलेला असतो. तो कागद घेऊन बोगद्याकडे निघालात तर कागद एक सांगेल आणि हात दुसरंच. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख एकाच मशीनवर, एकाच दुरुस्तीने काढलेले असले म्हणजे झालं.

सायलेन्सर मूळचे ठेवलेत ते अगदी योग्य. १९८६ पासून बनलेल्या रस्त्यावरच्या मोटरसायकलींना अमेरिकेत ८० डेसिबलची मर्यादा आहे, तुमच्या सायलेन्सरवर तसा शिक्का शोधलात तर सापडेल. धुराचे नियमही विसरू नका. ट्यूनरवरूनच (इंजिनाचा मॅप बदलणारं उपकरण) अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये हार्लेला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड लावला होता. म्हणून कॅम आणि ट्यूनर दोन्ही धुराच्या नियमात बसणारे आहेत असं लेखी घेऊनच पैसे मोजा. शेजारी पहाटे उठून तक्रार करायला गेला तर निदान कागद तरी तुमच्या बाजूला असू दे.

वहिनींचं डोकं मात्र मला वेगळीच शंका देतंय. हायवेवर मागे बसणाऱ्याच्या कानात इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज कितीतरी जास्त असतो, आणि रोड ग्लाइडचं पुढचं कवच चालवणाऱ्याला आडोसा देतं, मागच्याला तेवढा देईलच असं नाही. तपासायची सोपी युक्ती आहे. वहिनींना मागे बसवून एखाद्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० मैलांनी पंधरा मिनिटं फिरवा. इंजिन तेव्हा २,७०० च्या आसपास फिरत असेल, म्हणजे पाचव्यात ६० ला फिरतं तेवढंच. इंजिनाचा आवाज साधारण तोच, वारा मात्र कितीतरी कमी. तेव्हा डोकं दुखलं नाही तर दोषी वारा आहे, आणि त्याला उपाय वेगळा: उंच किंवा वेगळ्या आकाराची विंडशील्ड, चांगलं बसणारं हेल्मेट, कानात इअरप्लग. सगळं मिळून कॅमच्या निम्म्या खर्चात होईल. हे कॅमच्या आधी करा. वहिनींनी खूश होऊन कॅमच्या खर्चाला परवानगी दिली तर ती तुमची कमाई.

खर्चाचं म्हणाल तर कॅम, लिफ्टर, बेअरिंग, गॅस्केट, मजुरी आणि ट्यूनिंग मिळून दीड ते अडीच हजार डॉलर धरा, दुकानाप्रमाणे खाली-वर. यात कॅमची स्वतःची किंमत हा लहानसाच भाग. म्हणून कॅममध्ये शंभर डॉलर वाचवायला जाऊ नका आणि मजुरीत घासाघीस तर अजिबात नको.

काम झाल्यावर निघालेला मूळ कॅम तेलाच्या फडक्यात गुंडाळून, पुशरॉड तोडले नसतील तर तेही बरोबर बांधून, डब्यावर गाडीचं साल आणि मैल लिहून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा मूळ पार्ट आहेत का, हाच पहिला प्रश्न घेणारा विचारतो.